बारीक गाठ कोणाची

जिजी,

हे लिहायचं मी अकरा वर्षं टाळलं. आधी वेळ नाही म्हणून, मग प्रसंग नाही म्हणून, आणि शेवटी शेवटी, तू असताना घाई कशाला, नंतर सावकाश लिहू म्हणून. तुझी तेरवी होऊन पाच दिवस झाले. आता यापुढे नंतर उरलेलं नाही.

परवा मंडळाच्या चिटणीसांचा फोन आला. "सर, या महिन्याचं 'सध्या मनात' राहू द्या. घरात दुःख आहे. तुमचा जुना एखादा लेख टाकू." मी म्हटलं, जुना नको, नवीन देतो. पण जसा देतो तसाच छापा, काना-मात्रेला हात लावू नका. ते म्हणाले, "तुमच्या लेखाला आम्ही कधी हात लावतो का, सर?" खरंच लावत नाहीत. हात मी लावायचो, तुझ्या बोलण्याला. ते त्यांना कसं माहीत असणार?

तू कोणत्या साली जन्मलीस, लेकरं किती, नातवंडं किती, ते तेरवीच्या पत्रिकेत छापून झालं. ते पुन्हा सांगत नाही. मला दुसरंच काही नोंदवायचं आहे, आणि ते याच जागी नोंदवायला हवं, कारण चोरी याच जागी झाली.

वाचकांना हे सदर ठाऊक आहे. बऱ्हाणपूरच्या मराठी मंडळाचं चार पानांचं मासिक, त्यात शेवटच्या पानावर माझा मजकूर. निवृत्त मराठी शिक्षकाने या महिन्यात काय पाहिलं, काय ऐकलं, कशाने मन हललं. भिंतीवरचं चित्र, एखादं गाणं, कीर्तन, उरुसातली कव्वाली, नाटकातला एक प्रवेश. लोक म्हणतात, सरांचा कान मोठा बारीक. लोक म्हणतात, सरांच्या नजरेतून काही सुटत नाही. सुटायचं, जिजी. बहुतेक सगळं सुटायचं. जे सुटायचं नाही ते तुझं असायचं.

आणि 'बारीक गाठ' तर तुझीच.

चौथीत तुला शाळेतून काढलं, कारण घरी कांड्या भरायला हात हवे होते. कांडी म्हणजे मागावरच्या धोट्यात बसते ती सुताची गुंडाळी, हे आता नव्या वाचकांना सांगावं लागतं. तू चरख्यावर बसायचीस आणि मी, तुझा धाकटा भाऊ, शेजारी पाटीवर बाराखडी गिरवायचो. सूत तुटलं की चरखा थांबायचा. तू दोन टोकं धरून बोटांत काहीतरी करायचीस, डोळ्याला दिसायच्या आत गाठ बसलेली असायची आणि चरखा पुन्हा फिरायचा. मला कधीच जमलं नाही. माझी गाठ हरभऱ्याएवढी. तू हसायचीस. "नाना, ही गाठ धोट्यातच अडकीन. मागवाला तुह्या नावानं ओरडीन."

पुढे सासरी चाळीस वर्षं तू बुधवाऱ्यातल्या दोन खोल्यांत कांड्या भरल्यास आणि सोबत रेडिओ ऐकलास. मग एकदा, मी निवृत्त होऊन हे सदर नुकतंच सुरू केलं होतं तेव्हा, रेडिओवर कोणी वयस्क बाई गात होत्या. वरच्या सुरावर जाताना त्यांचा आवाज तुटला. मला ते खटकलं, मी तोंड वाकडं केलं. तू चरखा थांबवलास आणि म्हणालीस:

"तुटला न? आता पाह्य, कशी जोडते. पाह्य. जोडला. समजलं नही न तुले? किती बारीक गाठ हाय!"

मग म्हणालीस, "बिनागाठीचं सूत नसतेच रे बावा. जो म्हणते माह्यात गाठ नही, तो झूट बोलते. गाठ लपवाची नही, बारीक करावी."

मी घरी गेलो आणि लिहिलं. गायकाचं, चित्रकाराचं, नटाचं कौशल्य तुटण्यात नसतं आणि न तुटण्यातही नसतं, ते जोडण्यात असतं. शीर्षक दिलं 'बारीक गाठ'. लोकांना फार आवडलं. खंडव्याहून पत्रं आली. तेव्हापासून गावात कोणी चांगलं गायलं की लोक म्हणतात, काय बारीक गाठ आहे, आणि माझ्याकडे बघतात.

त्या लेखात तुझं नाव नव्हतं. "एका अनुभवी कारागिराच्या हातांकडे पाहताना" असं होतं. पुढच्या लेखांत तो कारागीरही गेला.

तुला वाचता येत होतं, हे मी सोयीने विसरत होतो. बोट ठेवून, ओठ हलवत, पण तू प्रत्येक अंक वाचायचीस. मला म्हणायचीस, "तुही भाषा भारी हाय. कडक. पण मी बोलली ते एवढं कडक नव्हतं."

"जिजी, छापायचं तर शुद्ध करावं लागतं."

"शुद्ध काहून? मी काय त्यात थुंकली होती का?"

आपलं हे भांडण कधी संपलं नाही. तू त्याला कलफ म्हणायचीस. मी म्हणायचो, मराठीत खळ म्हणतात. तू म्हणायचीस, "हाव, तेच. खळ म्हणला की तुहा कलफ आणखी कडक होते." तुझं म्हणणं असं की कलफ लावलेलं कापड दुकानात ताठ उभं राहतं, गिऱ्हाईक खूश होतं, आणि पहिल्याच धुण्यात खरं कापड कळतं. माझं म्हणणं असं की आपण हिंदी मुलखात राहणारी मराठी माणसं, आपली भाषा आधीच पातळ झाली आहे, तेव्हा छापताना तरी ती ताठ उभी राहिली पाहिजे. माझं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, असं मला आजही वाटतं. पण ते माझ्या सोयीचं होतं, हे तेव्हाही ठाऊक होतं.

लाजेची गोष्ट सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला पुण्याहून व्याही आले होते. तू त्यांना विचारलंस, "सफर कसा झाला? जेवण करून घ्या न, मंग आराम करजा." विहीणबाई हसून म्हणाल्या, "तुमच्या ताई हिंदी बोलतात वाटतं." त्यात वाईट हेतू नव्हता. पण मी तुला स्वयंपाकघरात गाठलं आणि म्हटलं, "जिजी, आज जरा कमी बोल." दिवसभर तू एक शब्द बोलली नाहीस. हसत होतीस, वाढत होतीस, मान हलवत होतीस. पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "काय गं, रागावलीस?" तर म्हणालीस, "किती कमी बोलाचं ते तू सांगितलंच नही. म्हणून मी पूरं बंद करून टाकलं."

सगळे हसले. मीही हसलो. तू भांडी आवरत होतीस, तुझी पाठ माझ्याकडे होती. तू हसत होतीस का, ते मी पाहिलं नाही.

मग तो सत्कार. अकरा वर्षांपूर्वीचा, जिथून हे टाळणं सुरू झालं. मंडळाचा वार्षिक कार्यक्रम, मला शाल आणि नारळ, बाहेरगावचे एक प्राध्यापक पाहुणे. तू दुसऱ्या रांगेत हिरव्या लुगड्यात. पाहुण्यांनी माझे लेख खरोखर वाचले होते. त्यांनी माइकवरच विचारलं, "सर, ही बारीक गाठीची कल्पना तुम्हाला सुचली कशी?"

जिजी, तो प्रश्न म्हणजे उघडा दरवाजा होता. मी नुसतं बोट दाखवायचं होतं. दुसरी रांग, हिरवं लुगडं. पण दिसलं काय, तर ते तुला मंचावर बोलावतील, माइक देतील, आणि तू मले-तुले करशील. मराठी शिक्षकाची सख्खी बहीण, मराठी मंडळाच्या मंचावर. मी म्हणालो, "एका दुपारी मी मागांचा आवाज ऐकत बसलो होतो, तेव्हा सहज सुचली."

टाळ्या पडल्या. तू सगळ्यांत उशिरापर्यंत वाजवल्यास.

परत जाताना रिक्षात, इतवाऱ्याच्या गर्दीत अडकलो होतो तेव्हा, तू शाल मांडीवर घडी करत म्हणालीस, "आज तुही गाठ दिसली रे, नाना."

"कुठे?"

"'एका दुपारी' म्हणला न, तिथं. धोटाच अडकला तुहा."

आणि लगेच, "चाल, मावा जिलेबी घेऊ. सत्कार झाला तुहा, खाली हात घरी नही जावं."

आपण जिलेबी घेतली. मी खाल्ली. तुला गोड बंद होतं, तरी एक तुकडा मोडून घेतलास आणि म्हणालीस, भाऊ मोठा झाला. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं.

गेल्या काही वर्षांत तुझ्या हाती फोन आला आणि तू मला आवाज पाठवू लागलीस. लिहायचा कंटाळा, म्हणून बोलून पाठवायचं. "नाना, ऐक." प्रत्येकाची सुरुवात हीच. मागे माग वाजत असायचे. मी ते ऐकायचो, वहीत उतरवायचो, मग कलफ. दोन तासांत सदर तयार. ऐंशीच्या घरातली बाई, महिनाभर गावात डोळे-कान उघडे ठेवून फिरते, आणि तिचा भाऊ खुर्चीत बसून रसिक होतो.

मागच्या वर्षी तू एका मुलीचं गाणं पाठवलंस. गाणं म्हणजे ते हल्लीचं, भराभर बोलतात ते. धूलकोटकडची कोणी मुलगी, केळीच्या बागेत उभी राहून फोनसमोर बोलत होती, अर्धं निमाडी, अर्धं हिंदी, मधेच मराठी. मी फोन करून म्हटलं, "जिजी, हे काय गाणं आहे? मी यावर लिहिणार नाही."

"काहून?"

"ना सूर, ना भाषा. खिचडी."

"मंग आपुन काय बोलतो रे घरी? बासुंदी?"

  मग तू पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा काही मागितलंस.

"तू लिहू नको. माह्या नावानं टाक न एक बार. मी बोलते, तू जसंच्या तसं उतरव. मोठं नही, एवढंसं. लोकाईले समजू दे."

मी म्हणालो, "पुढच्या अंकात बघू."

पुढचा अंक आला, त्याच्या पुढचा आला. तू पुन्हा विचारलं नाहीस. आवाज मात्र पाठवत राहिलीस, आणि मी ते वापरत राहिलो.

तर आता हा तो पुढचा अंक. 'सध्या मनात' या सदरात या वेळी मनातलं कोणाचं आहे ते स्पष्ट लिहितो. बोलणारी माझी थोरली बहीण. उतरवणारा मी. तिने गेल्या काही महिन्यांत पाठवलेलं, जसंच्या तसं. ऐकताना सतरा वेळा माझं पेन दुरुस्तीला गेलं. आवरलं.

"नाना, ऐक. इतवाऱ्यात त्या केळीवाल्यानं प्लास्टिकचा बोर्ड काढून टाकला न हातानं रंगवून घेतला. पेंटर हिंदीवाला. त्याले ळ येत नव्हता. पहिले त्यानं 'केली' लिहिलं, दुकानदार म्हणे, असं नही. मंग त्यानं कागदावर काढून घेतला न तो ळ असा रंगवला, नाना, असा रंगवला, की बाकीचे अक्षरं त्याच्यापुढं नोकर वाटते. मोठा, गोल, लाल, वरून पिवळी किनार. मी उभीच राहिली. त्याले नवीन भेटला म्हणून त्यानं किती लाडानं काढला. आपण रोज वापरतो, आपल्याले कदर नही. तू जाऊन पाह्य. चष्मा घेऊन जा."

"नाना, ऐक. धूलकोटच्या होळीच्या बाजारात गेली होती, सुनेसंग. ढोल वाजत होते, तुले आवाज नही सोसत, तू आला नही ते बरं. एक बुढा बासरी वाजवत होता. सास पुरत नव्हती त्याले. सास तुटली की ढोलवाला काय करे माहीत हाय? जोरानं नही वाजवे. हलकं करून टाके. बुढ्याची सास येईलोक तिथंच घुमवत ठेवे. दुसरा असता त त्यानं बुढ्याले दाबून टाकलं असतं. मले वाटलं, नाना, गाठ एकट्याले मारता येत नही. दुसरं टोक कोणी तरी धरून ठेवा लागते."

"नाना, ऐक. त्या पोरीचं नवं गाणं आलं. तुले आवडत नही, तरी पाठवते. ती हिंदीतून निमाडीत जाते न, तिथं कान लाव. जोड समजते का? मले नही समजला. मी तीन बार ऐकलं. तू म्हणते खिचडी. मी म्हणते, खिचडीत मीठ बरोबर पडलं का नही, ते सांग."

इथे मागे तुझी सून विचारते, "आई, कोणासंग बोलते?" आणि तू म्हणतेस, "सरसंग. माह्यावाल्या."

हा तुझा शेवटून दुसरा आवाज. शेवटचा मी इथे देत नाही. त्यात फक्त एवढंच आहे की खोकला आहे, येऊ नको, तुले लागीन.

तरी मी आलो. दुपारची वेळ, शेजारचे माग चालू. तू खाटेवर, उशाला रेडिओ, हातात सुताचा एक तुकडा, उगाच बोटांना चाळा. मी रिक्षातच ठरवून आलो होतो. वाक्यही जुळवलं होतं. तुझ्याजवळ बसलो आणि म्हणालो, "जिजी, मला तुझी क्षमा मागायची आहे. माझ्याकडून तुझ्यावर फार मोठा अन्याय झाला आहे."

तू डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंस. मग हसायला लागलीस, खोकला येईपर्यंत. "अरे बापा! केवढा कलफ! आधी कलफ उतरव, मंग बोल."

मी बोलायला तोंड उघडलं, आणि जिजी, मला शब्दच सापडेना. जी भाषा तुझ्या चरख्याशेजारी बसून बोललो, ज्या भाषेत तुझ्याशी भांडलो, रडलो, जेवायला मागितलं, ती साठ वर्षांत मी इतकी धुऊन काढली होती की तिच्यात एक साधं वाक्य जुळेना. तेवढ्यात सून चहा घेऊन आली. मी चहा प्यायलो. "उद्या येतो," म्हणालो. तू म्हणालीस, "ये. पण बिनाकलफचा ये."

उद्याच्या आत तू गेलीस.

तेरवीला बुधवाऱ्यातल्या बाया भजनाला आल्या. त्यांतली एक म्हातारी मधेच ओळ विसरली. बाकीच्या थांबल्या नाहीत आणि पुढेही गेल्या नाहीत. टाळ हलके केले, तिथल्या तिथे गुणगुणत राहिल्या, तिला ओळ आठवेपर्यंत. माझा हात खिशातल्या फोनकडे गेला. नाना ऐक म्हणायची पाळी पहिल्यांदाच माझी होती, आणि ऐकायला तू नव्हतीस. पण पाहिलं मी, जिजी. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, कोणी न सांगता. इतक्या उशिरा का होईना, तू शिकवलेलं थोडं लागलं.

चिटणीसांना मी इथवरचं वाचून दाखवलं.  ते म्हणाले, "सर, तुमचा भाग ठीक आहे. ताईंचं जरा प्रमाण भाषेत करू का? पुण्या-नागपूरलाही अंक जातो." मी म्हटलं, तसाच जाऊ दे. एक शब्द बदललात तर सदर बंद. आणि यापुढे या जागेवर तिच्या आवाजातलं जे शिल्लक आहे ते महिन्याला एक छापायचं, तिच्या नावाने. ते संपलं की ही जागा बोलणाऱ्यांची. मंडळात अशा किती तरी बाया आहेत ज्यांना आपण कमी बोला म्हटलेलं आहे. ते "बघू" म्हणाले. बघू म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून उद्या सकाळी हा मजकूर घेऊन मी स्वतः छापखान्यात जाऊन बसणार आहे, अंक निघेपर्यंत.

आता राहिलं ते वाक्य. गेले पाच दिवस दार लावून ते जुळवतो आहे. लहान मुलासारखं, मोठ्याने म्हणून बघतो. जमलंय असं वाटतं. गाठ मोठीच आहे, माझ्या हातची, हरभऱ्याएवढी. अडकली तर अडकू दे.

जिजी, ऐक. ती गाठ तुही होती. मी चोरली. मले तुही लाज वाटे, म्हणून मी तुहं नाव नही घेतलं. मले माफ कर वं, जिजी.